शिफाच्या खिडकीचा कागद

राजिवडा, रत्नागिरी
६ जून २००४

अरीब, सलाम.

फ्रॉक मिळाला. सुंदर आहे. त्याला बाह्या नाहीत.

शिफाने तो खोक्यातून काढला, अंगाला लावून पाहिला आणि तुझ्या आईला विचारलं, दादी, हा आतून घालायचा का? मग पूर्ण बाह्यांच्या जाड झग्याच्या आत तिने तो घातला आणि दिवसभर मजेत वावरली. तुझ्या आईने, खालाने, ओढणीने डोळे पुसले. मला रडू आलं नाही. आपली सहा वर्षांची मुलगी कशी राहते हे तू विसरलायस, किंवा विसरायला बघतोयस, एवढंच कळलं.

तुझा फोन खाला उचलते. एकदा मी उचलला तर तू नुसता श्वास घेत राहिलास. म्हणून लिहिते आहे. मुंबईच्या ऑफिसात पत्र दिलं की कंपनी ते पुढच्या बंदरात तुमच्या टँकरवर पोचवते असं खाला म्हणाली. जानेवारीत जहाजावरून उतरून तू सगळी रजा मुंबईतच काढलीस, हेही तिनेच सांगितलं. तुझी आई आहे, तिला लपवता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी, डॉक्टरांनी नको म्हटलेलं असताना, तू तिला भरदुपारी मांडवीच्या जेटीवर होड्या दाखवायला नेलंस. संध्याकाळपर्यंत तिच्या तोंडावर उकळतं पाणी सांडल्यासारखे फोड आले. तेव्हा मी तुला जे बोलले ते मागे घ्यायला हे पत्र लिहीत नाही. कारण दुसरं आहे.

मी नोकरी धरली. एमआयडीसीत पॉलिहाऊससाठी प्लॅस्टिकचा कागद बनवणारा एक छोटा कारखाना आहे, तिथे कागद तपासायचं काम. बी.एस्सी.ची केमिस्ट्री इतक्या वर्षांनी कामाला आली. मी नसताना शिफा खालाजवळ असते, त्याच खोलीत. खिडक्यांना अजून गोधड्याच ठोकलेल्या आहेत आणि दिवसाही बल्ब.

परवा आमचे मालक कामतसाहेब एका प्रदर्शनातून एक पूड घेऊन आले. झिंक ऑक्साइडच, क्रिकेटवाले नाकाला पांढरं फासतात तेच. पण इतकं बारीक केलेलं की तांदळाच्या पिठाचा कण त्याच्यापुढे डोंगर. नॅनो म्हणतात त्याला. इतकं बारीक झालं की ते पांढरं दिसतच नाही. प्लॅस्टिकच्या दाण्यांत नीट मिसळलं तर दिसणारा उजेड कागदातून आरपार येतो आणि भाजणारा तेवढा अडतो. साहेबांना तो कागद रोपांसाठी हवाय. ते बोलत होते आणि मी मनात आपल्या खाडीकडच्या खिडकीचं माप घेत होते.

गाड्यांच्या काचांना लावतात ती फिल्म आपण मुंबईहून आणली होती, आठवतं? एक तर काळपट, आणि तिच्यातलं औषध उन्हानेच वर्षभरात मेलं. ही पूड उन्हाने मरत नाही.

शिफाने दिवसाची खाडी पाहिलेली नाही. एकदाच सोडून.

महरीन


राजिवडा
२८ नोव्हेंबर २००४

अरीब, सलाम.

तुझं पत्र आलं. ‘ती कशी आहे? कागद झाला का?’ दोन वर्षांनंतर दोन प्रश्न. दुसऱ्याचं उत्तर आधी देते, ते सोपं आहे.

कागद झाला, पण दुधासारखा. ही पूड इतकी बारीक की कण एकमेकांना घट्ट धरून बसतात, पावसाळ्यातल्या मिठासारखे. गुठळी झाली की नॅनोचा उपयोग संपला. उजेड तिच्यावर आपटून चारी दिशांना फुटतो आणि कागद पांढुरका दिसतो. मशीनवर महिपत म्हणून आहेत, पावस गावचे. गरम प्लॅस्टिकचा फुगा छतापर्यंत चढत होता आणि ते मान वर करून म्हणाले, “बाय, ह्यो तर लुंगीवानी झाला.” मी हसले. खूप दिवसांनी हसले असेन, कारण तेही जरा दचकले.

तरी एक तुकडा घरी आणला. शनिवारी उजाडायच्या आत खिडकीची गोधडी काढून तो लावला. भाजणारा उजेड मोजायचा कारखान्यातला मीटर धरून पाहिलं, तो उजेड येत नव्हता. शिफा समोर बसली. दिवस वर आला तसं सगळं पांढरं होत गेलं, पण दिसेना काही. तिने विचारलं, अम्मी, बाहेर पाऊस पडतोय का? बाहेर कडक ऊन होतं. मी हो म्हटलं.

आता पुडीला आधी स्टिअरिक ॲसिडचा हात देऊन बघणार आहोत, म्हणजे कण एकमेकांना सोडतील. मग थोड्या दाण्यांत ती दाट मिसळून घ्यायची आणि ते दाणे पुन्हा मोठ्या घाण्यात घालायचे. साहेबांनी परवानगी दिली आहे. मी हे कुणासाठी करते आहे ते त्यांना सांगितलंय. दुसऱ्या दिवशी पुडीची आणखी एक पिशवी माझ्या टेबलावर होती.

आता पहिला प्रश्न. तिच्या नाकाच्या शेंड्यावर तीळ वाढत होता. मुंबईला नेऊन तो काढला. टाके सुकले आहेत. तपासणीत तो साधा तीळ निघाला नाही. मुळासकट काढलाय असं डॉक्टर म्हणाले. खाला म्हणाली, अरीबला हे लिव, म्हणून लिहिलं.

डॉक्टरांनी तेच पुन्हा समजावलं. ऊन सगळ्यांच्याच कातडीला आतून जखमा करतं. आपलं शरीर त्या बुजवतं, तिचं बुजवत नाही. हे अर्धं तुझ्याकडून आलं, अर्धं माझ्याकडून. आपल्या आया मावसबहिणी, पणजी एकच, म्हणून असेल कदाचित. खाला शेजारीच बसली होती. आपलं लग्न तिनेच जुळवलं होतं. त्या दिवशी ती जेवली नाही. तिला तू एकदा नीट फोन कर. माझ्याशी नाही बोललास तरी चालेल.

महरीन


राजिवडा
१३ मार्च २००५

अरीब,

झाला. कागद झाला.

फुगा वर चढला आणि त्याच्यापलीकडे उभे असलेले महिपत मला दिसले, अगदी त्यांच्या शर्टाच्या गुंडीपर्यंत. मी मीटर धरला. काटा हलला नाही. मी तीन ठिकाणी धरून पाहिला. मग महिपतांनी माझ्या हातातून तो घेतला, आपण धरून पाहिला आणि मशीन बंद न करता बाहेर जाऊन तोंड धुऊन आले.

घरी काचेला आतून दोन थर लावले, कडांना पट्ट्या मारल्या, शिफाच्या अंगात नेहमीचा झगा आणि डोळ्यांना चष्मा. तरीही गोधडी ओढण्याआधी मी पट्ट्या पुन्हा एकदा दाबून पाहिल्या. खाला दुआ पुटपुटत होती. गोधडी खाली पडली आणि खोलीत सकाळ आली. आपल्या खोलीत, अरीब. भिंतीचा रंग हिरवा आहे हे मीसुद्धा विसरले होते.

शिफाने काचेला नाक लावलं. मग खाडीकडे बोट करून तिने विचारलं, “अम्मी, पाण्यात काय फुटलंय?”

लाटांवरचं ऊन चमकत होतं. मांडवीची ती दुपार तिला आठवत नाही, तिला माहीत असलेलं पाणी मगरिबनंतरचं, अंधारातलं, काळं.

मग प्रश्न थांबेचनात. सुकती होती, पाणी ओसरलेलं, बायका गुडघाभर चिखलात मुळे-शिंपले काढत होत्या. त्या काय शोधतायत? पुलावरून एसटी गेली, ती लाल असते? माडाखाली तो दुसरा माड झोपलाय तो कोण? ती सावली, मी सांगितलं. सावली तिला माहीत होती, पण बल्बची. उन्हाची सावली सरकते हे तिला पटेना, म्हणून ती दुपारपर्यंत त्या माडावर पहारा देत बसली. जेवणसुद्धा तिथेच. शेजारच्या अंगणातली पोरं खिडकीखाली आली, तिने प्रत्येकाला त्याच्या शर्टाचा रंग सांगितला. त्यांना वाटलं ती खेळ खेळते आहे.

संध्याकाळी तिने विचारलं, अब्बाचं जहाज ह्याच पाण्यावर आहे का? मी म्हटलं, खाडी समुद्राला मिळते, समुद्र सगळा एक, म्हणजे ह्याच पाण्यावर. तेव्हापासून ती प्रत्येक होडी नीट निरखते.

मला आज तुझ्यावर रागवता येत नाही. उद्या येईल कदाचित. ही खिडकी तू बघावीस असं वाटतं. रजा मिळाली तर ये.

महरीन


राजिवडा
१६ ऑक्टोबर २००५

अरीब,

तू आला नाहीस. जहाज बदललंस आणि लगेच पुन्हा चढलास. असो.

कागदाचं लिहायचं आहे. तो खराब होतो आहे. गणपतीच्या सुमाराला शिफा म्हणाली, अम्मी, खिडकी धुरकट झालीय. पावसाळी हवा, दमट भिंती, मला वाटलं बुरशी धरली असेल. संध्याकाळी उतरवून कारखान्यात नेला. तिथल्या यंत्रावर तो स्वच्छ निघाला, मार्चमध्ये होता तितकाच. पण मूल खोटं कशाला बोलेल? यंत्र बिघडलं असेल म्हणून साहेबांशी वाद घातला. नवी बॅच काढली, पूड कमी घातली. लावला. ती म्हणाली, थोडा बरा आहे. आठवड्याने म्हणाली, नाही, धुरकटच आहे.

तिसरी बॅच काढली. महिपतांनी कागदाची घडी उलगडून दाराकडच्या उजेडात धरली, बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “बाय, कागूद साफ हाय.”

मी त्यांना म्हटलं की कडेला धूसर दिसतोय. ते म्हणाले, बरं, आणखी एक काढू.

पुढच्या शनिवारी काढतोय. दाण्यांचा ग्रेड बदलून बघणार आहे. प्लॅस्टिक थंड होताना त्यात स्फटिक धरतात, त्यानेही कागद धुरकट होतो, त्याच्यावर वाचते आहे. काहीतरी सापडेल.

तिला चित्रं काढायला आवडतात, रंगीत खडू पाठव. जाड.

महरीन


राजिवडा
९ डिसेंबर २००५

अरीब,

कागद साफ आहे. तो पहिल्यापासून साफ होता.

मुंबईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. शिफाची बुबुळं वरून गढूळ होत चालली आहेत. डाव्या डोळ्याने तिला आता फक्त उजेड आणि अंधार कळतो. उजव्याचं तेच होईल, वर्षभरात म्हणाले, आधीही. दुसऱ्याचं बुबुळ बसवता येतं, पण तिच्या डोळ्यात ते टिकायची आशा ठेवू नका म्हणाले. मानेत एक गाठ लागते आहे, तिची तपासणी पुढच्या महिन्यात.

मला हे गणपतीतच कळलं होतं की नव्हतं, ते मला सांगता येणार नाही. ज्या आठवड्यात कागद इतका नितळ झाला की त्यातून गुंडी दिसावी, त्याच्या आधीच तिच्या डोळ्यांत हे सुरू झालं होतं. मी तीन महिने कागद पुसत होते.

येताना गाडीत ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून होती. चिपळूण गेल्यावर म्हणाली, “अम्मी, आता तू दुसरा कागद नको करू. मला खाडी पाठ झालीय.”

अरीब, एक गोष्ट मी डॉक्टरांना मुद्दाम विचारली. शिफाला खालाबरोबर बाहेर बसवून विचारली. म्हटलं, चार वर्षांची असताना ती एकदा दुपारी बाहेर गेली होती, तासभर, हे त्याच्यामुळे झालं का? ते म्हणाले, जन्मल्यापासूनच्या प्रत्येक दिवसाचं थोडं थोडं साठतं. दाराच्या फटीतून आलेलं, आपल्याला काही माहीत नव्हतं त्या पहिल्या वर्षातलं अंगणातलं, सगळं. एका दिवसाचं नाही. मी तोच प्रश्न पुन्हा विचारला. त्यांनी तेच उत्तर दिलं.

हे तुला कळवायला हवं होतं.

आता ये. माझ्यासाठी नाही. तिला उजव्या डोळ्याने अजून माणूस ओळखता येतो, जवळ आला तर. तुझा चेहरा तिला आता फोटोतलाच माहीत आहे.

महरीन


राजिवडा
२१ मे २००६

अरीब,

तू जहाजावर पोचल्याचा फोन खालाने घेतला. मी ओट्यापाशीच होते, पण उचलला नाही. तुझा आवाज ऐकला असता तर तू जायला नको होतास असं म्हणाले असते, आणि तू करार केला होतास, तुला जावंच लागणार होतं.

तू आलास त्या दिवशीचं एक तुला माहीत नाही. तू दारात उभा होतास आणि आत येत नव्हतास, ते ती ऐकत होती. मला हळूच म्हणाली, अब्बा घाबरलेत, तू त्यांना चहा दे. मग तिने तुझा चेहरा अगदी नाकाला नाक लावून पाहिला, तेव्हा तू डोळे मिटून घेतलेस. तिने ते तुझ्या लक्षात आणून दिलं नाही. मला मात्र सांगितलं, अब्बाचे डोळे कसल्या रंगाचे आहेत ते बघायचंच राहिलं. मी सांगितलं, तुझ्यासारखेच. तपकिरी.

रोज तू खिडकीशी बसून तिला बाहेरचं सांगायचास ते मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. तुला खाडीतलं काही कळत नाही, जहाजावर असूनही. पडाव आणि होडी यातला फरक तिने तुला शिकवला. तुम्ही दोघं हसत होता आणि मी कांदा चिरत होते, त्या कांद्याचे उपकार.

आपल्या दोघांचं काय, ते तू स्टेशनवर विचारलंस. गाडी आली, राहून गेलं. एकाच छताखाली ते दिवस गेले आणि आपण एकमेकांशी फक्त तिच्याबद्दल बोललो. तरी तू गेल्यावर घर रिकामं वाटलं, हे खरं आहे.

गाठीचं औषध सुरू आहे. तिचे केस गेले. आरशाचा प्रश्न नाही.

महरीन


राजिवडा
१८ नोव्हेंबर २००७

अरीब,

जहाजावरून तू बोललास तेव्हा लाईन सारखी तुटत होती. शिफा कशी गेली, कुणी नेली, असं विचारत होतास. खालाला सांगता आलं नाही. मी सांगते, तुझं जहाज बंदराला लागेपर्यंत हे पत्र तिथे पोचलेलं असेल.

छातीत पाणी झालं होतं ते तुला ठाऊक आहे. शेवटचा आठवडा ती फारशी बोलली नाही. गुरुवारी तिने खिडकीशी न्यायला सांगितलं. दिसत काहीच नव्हतं, पण काचेवर तळहात ठेवला की कोमट लागतं, तेवढं तिला आवडायचं. भरती आहे की सुकती, तिने विचारलं. भरती, मी म्हटलं. मग झोपली. शुक्रवारी पहाटे फजरच्या अजानीनंतर खालाने कुराण वाचताना वर पाहिलं आणि वाचणं थांबवलं. त्रास झाला नाही. हे मी तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, मी तिथेच होते.

महिपत आले होते. मोहल्ल्यातल्या पुरुषांबरोबर अंगणात उभे होते, कुठे उभं राहायचं ते न कळून. कामतसाहेब आले. त्यांनी नंतर एक सांगितलं. लांज्याजवळ असंच एक मूल आहे, दोन वर्षांचं. त्याच्या वडिलांना मुंबईच्या डॉक्टरांनीच आमच्या कारखान्याचा पत्ता दिला. त्यांच्या खिडक्यांसाठी कागद बनवायचा आहे. मी सोमवारपासून कामावर जाते आहे. तुझ्या आईला हे आवडलेलं नाही, पण त्या मुलाचे डोळे अजून चांगले आहेत.

तू जहाजावरून उतरलास की सरळ घरी ये. काय बोलायचं ते ठरवून येऊ नकोस.

आता जे तू विचारलंस ते. तिला गुसल देऊन न्हाऊ घातलं, कफन केलं. मौलवीसाहेबांनी निरोप पाठवला, जुम्म्याच्या नमाजनंतर लगेच नेऊ. म्हणजे दुपारी दोनच्या उन्हात. मी उठून चौकट धरून दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, नाही, मगरिबनंतर न्या, अंधार पडू दे, तिला दिवसा बाहेर काढायचं नाही. बायका माझ्याकडे बघत राहिल्या. कुणीतरी म्हणालं, थांबू या, हरकत नाही. खाला माझ्यापाशी आली. तिने माझे दोन्ही दंड धरले आणि म्हणाली, “मेहरू, आता ऊन तिला काय करनार हाय?”

मी चौकट सोडली. मग बाजूला झाले. म्हटलं, दुपारीच न्या.

बायकांनी कबरस्तानात जायचं नसतं, म्हणून मी खिडकीतून पाहिलं. जनाजा खाडीच्या कडेच्या रस्त्याने निघाला. पुरुष खांदे बदलत होते. नोव्हेंबरचं ऊन, एकही ढग नाही, पाणी नुसतं चमचमत होतं. पुढे माडांची सावली संपते आणि वळणापर्यंत रस्ता अगदी उघडा आहे. तिथे ते पोचले. तिच्यावर ऊन पडलं, डोक्यापासून पायांपर्यंत, आणि मी धावत जाऊन तिला झाकलं नाही.

महरीन